रुसायची खोली

सुनेने आत्याबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं ते न्हाणीघराच्या दारात. लग्नात त्या दिसल्या असणार; पण लग्नाच्या गर्दीत नवऱ्याकडच्या सगळ्याच आत्या सारख्या दिसतात. संसार अगदी नवा होता. नवऱ्याने चारचौघांत तिच्या पोळ्यांची टिंगल केली होती आणि भरल्या घरात तिला रुसायला कोपरा सापडेना. शेवटी न्हाणीघराला आतून कडी लावून ती उपड्या बादलीवर बसली. दारावर टकटक झाली.

"आंघोळ चाललीय की रुसवा?" बाहेरून आवाज आला. "आंघोळ असेल तर थांबते. रुसवा असेल तर माझ्या खोलीत ये. तिथे खुर्ची आहे."

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलेलं नाही. का, म्हणून कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मागणी घालायला आलेल्यांना मी शब्दांची मुळं सांगायचे. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही." त्यांचं सारं आयुष्य इंग्रजी शब्दकोश छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. कोणता शब्द कुठून आला आणि वाटेत कसा बिघडला, हे तपासता तपासता त्यांच्या डोक्यात बसलं आणि निवृत्तीनंतर घरातल्यांच्या डोक्यावर.

त्यांची खोली जिन्याखाली होती. एक खाट, एक खुर्ची, हातभर खिडकी.

"ही माझी बूद्वार," त्या म्हणाल्या. "शब्द फ्रेंचांचा, इंग्रजांनी उचलला. बड्या घरच्या बाईची खासगी खोली. आणि मुळात अर्थ काय, ठाऊक आहे? रुसून बसायची जागा! घर बांधतानाच त्या लोकांनी ओळखलं, की बाई इथे नांदणार म्हणजे रुसणार."

सुनेला फिस्सकन हसू फुटलं आणि एवढा मेहनतीने धरलेला रुसवा फुकट गेला.

पुढे ती रुसली की तिथेच जायची. मग कळलं, की आपला नंबर शेवटचा आहे. घरातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी तिथे तोंड फुगवून बसून गेलेलं आहे.

बऱ्याच वर्षांनी जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. सासऱ्यांच्या मनात घराचं नाव 'व्हिला' ठेवायचं होतं.

"ठेव की," आत्याबाई म्हणाल्या. "व्हिला म्हणजे रोमन लोकांचं शेतावरचं घर. तिथे राबणाऱ्या गड्याला जे म्हणायचे, त्याचाच पुढे व्हिलन झाला. घराला व्हिला म्हण, तुला काय म्हणायचं ते आम्ही बघतो."

"ताई, मग मॅन्शन?"

"त्याच्या मुळाशी नुसता मुक्काम आहे. धर्मशाळेलासुद्धा चालेल."

सासऱ्यांनी चिडून नावाचा विषयच मिटवला. तेवढ्यात आर्किटेक्टने टेबलावर नकाशा पसरला. एक खोली सासू-सासऱ्यांची, एक मुलगा-सुनेची, तिसरी पाहुण्यांची. आत्याबाईंचा दिवाण हॉलमध्ये, टीव्हीसमोर.

"तुझी करमणूक होईल, ताई," सासरे म्हणाले.

आत्याबाईंनी चष्मा पुसला, नकाशा पाहिला, चष्मा पुन्हा पुसला. एकाही शब्दाचं मूळ सांगितलं नाही. तेव्हा मात्र सुनेला धोका कळला. आत्याबाईंची खोली गेली तर त्यांचं काय होईल, हे तिच्या मनात आलंच. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी आलं, की मग आपण रुसायचं कुठे? पुन्हा बादली?

"बाबा," ती म्हणाली, "आईंनी तुमचे जुने बूट भंगारवाल्याला देऊन टाकले, तेव्हा तुम्ही कुठे झोपला होतात?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आत्याबाईंच्या खाटेवर. भिंतीकडे तोंड करून."

"आणि मी खुर्चीवर बसून रात्र काढली," आत्याबाई पुटपुटल्या.

नवरा हसायला लागला. "तुम्ही हसू नका," सून त्याच्याकडे वळली. "तुमच्या अंगाचा साचा उठलाय त्या खाटेवर."

आता सासूबाईंना जोर चढला. "वन्संना हॉलमध्ये टाकलंत, तर हे फुगून जातील कुठे? माझ्याच उशाशी बसतील! ते काही नाही. वन्संना खोली द्या. पाहुणे झोपू देत टीव्हीसमोर. लवकर जातील तरी."

सासऱ्यांनी मान खाली घालून नकाशातल्या पाहुण्यांवर काट मारली.

"मग या खोलीवर काय लिहू?" आर्किटेक्टने विचारलं.

आत्याबाईंना कंठ फुटला. "ड्वेलिंग लिहा. ड्वेल म्हणजे मुळात वाट चुकवणं. मग रेंगाळणं. मग राहणं. माणूस वाट चुकला, कुठेतरी टेकला, आणि उठायचा कंटाळा केला, म्हणजे झालं घर. आमच्याकडे बघा, पटेल."

आर्किटेक्टने मुकाट्याने 'बेडरूम तीन' लिहिलं.

घराला अजून नाव नाही. दारावर नुसता नंबर आहे. आत्याबाईंची खोली मागच्या बाजूला, भरपूर उजेडाची आहे आणि तिच्यात आता दोन खुर्च्या आहेत. मात्र आठवड्यातून एखाद-दुसरी रात्र आत्याबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात, कारण खोलीला कुणीतरी आतून कडी लावलेली असते.