पाचोऱ्याच्या गाडीतली चाळीस पोरं

सावद्याहून येणारी पॅसेंजर जळगावला लागली तेव्हा पावणेदहा वाजले होते. पंचावन्न मिनिटं उशीर. भूमिका कागदांची पिशवी छातीशी धरून पळतच स्टेशनबाहेर आली. साडेबाराच्या आत तिला धुळ्याला पोचायचं होतं. तिथं नर्सच्या जागेसाठी कागदपत्रांची तपासणी होती आणि वेळेत हजर नसलेल्याचं नाव यादीतून कमी होणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. धुळ्याची बस साडेनऊलाच नव्या स्टँडवरून सुटली होती. पुढची अकराला.

रिक्षांच्या रांगेत पहिला नंबर तोताराम नानांचा होता. एकतीस वर्षं ते याच रांगेत आहेत. गाडीतून उतरलेल्याला ते कुठं सोडू म्हणून विचारत नाहीत. पुढं कितीला पोचायचंय, ते विचारतात. भूमिकेनं सांगितलं. नानांनी घड्याळ पाहिलं नाही, कारण हातात घड्याळच नव्हतं.

"बठ बेटा," ते म्हणाले. "गाडी सापडी."

शेजारचा रिक्षावाला कौतिक हसला. बस सुटून पंधरा मिनिटं झाली, नानांच्या रिक्षाला पंख कधी फुटले, असं त्यानं विचारलं. उडायचं नाही, फक्त स्टँडकडं जायचं नाही, एवढं सांगून नानांनी रिक्षा पिंप्राळ्याच्या अंगाला वळवली.

वाटेत भूमिकेनं दोनदा विचारलं, बस मिळेल ना? दुसऱ्यांदा नानांनी कारण सांगितलं. सकाळी पाचोऱ्याहून आलेल्या गाडीतून कॉलेजची चाळीसेक पोरं उतरली होती. ते रोज मोजतात. ही पोरं धुळ्याच्याच बसनं जातात. शिवाय हायवेवरच्या प्रत्येक चौकात बस थांबून आणखी पोरं घेते. गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरीला कॉलेज.

"बठ्ठा पोरे तठेच उतरतस," नाना म्हणाले. "आनि दार एकच शे."

सगळी पोरं तिथंच, एका दारातून उतरणार, म्हणजे बस तिथं बराच वेळ थांबणार, हे भूमिकेच्या ध्यानात आलं. तिच्या मोबाइलमध्ये गाड्यांची सगळी वेळापत्रकं होती. त्यात पोरं नव्हती.

पुलावरून उतरताच बस दिसली. दाराशी अजून गर्दी होती. शेवटची मुलगी पायरीवर उभी राहून दप्तरात पास शोधत होती आणि कंडक्टर कपाळाला आठ्या घालून वाट पाहत होता. भूमिका चढली. कंडक्टरनं खाली वळणाऱ्या रिक्षाकडं पाहिलं.

"नानांची सवारी का?" त्यानं विचारलं आणि तिकीट फाडलं.

धुळ्याच्या कार्यालयात तिनं रजिस्टरवर सही केली तेव्हा बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. पत्ता वाचून कारकुनानं मान वर केली. सावद्याहून आज सकाळी निघून वेळेत कशा पोचलात, असं त्यानं विचारलं.

भूमिका सांगायला लागली आणि तिला सुरुवात पाचोऱ्याच्या गाडीपासून करावी लागली.