मागाच्या खड्ड्यातलं थेटर

समस्त नातेवाईक, हितचिंतक आणि निव्वळ चहापुरते डोकावणारे शेजारी यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, आंधळगाव येथील आमच्या राहत्या घरी, ज्या खोलीत पूर्वी हातमाग होता त्या खोलीत, टीव्हीला जोडायचा एक खास संगणक उभारण्यात येणार आहे. सुटे भाग निवडून आणून तो घरीच जोडला जाईल. या थोर कार्यात कोणीही सल्ला देऊ नये.

ही घोषणा मी माहेरच्या ओसरीत उभी राहून, लाटण्याचा माईक करून केली. बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच पहिला सल्ला दिला. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून विचारलं, "काय म्हणून राहिली वो हे?"

आईला ऐकू कमी येतं. जन्मभर बाबांच्या मागाशेजारी बसून तिनं सुताच्या कांड्या भरल्या. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची खटखट तिच्या कानांनी इतकी साठवली की बाकीच्या आवाजांना जागा उरली नाही, असं ती स्वतःच हसत सांगते.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाल्याला दहाएक वर्षं झाली होती. मी साकोलीला एका शाळेत संगणक शिकवत होते. बाबांनी माग उतरवून विकला होता. खोलीत उरला होता तो फक्त खड्डा, विणणाऱ्यानं पाय सोडून बसायचा. बाबा अजूनही दुपारचा चहा त्या खड्ड्यात पाय सोडूनच पीत.

बाबा वर्षाचे दहा महिने विणकर आणि दोन महिने नट होते. धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटलं की रात्रभर नाटक. नाटक म्हटलं की पाहुणे. आत्या, मावश्या, जावई, मुलगी बघायला आलेले, मुलगा दाखवायला आलेले, सगळे बैलबंडी नाहीतर यष्टीनं येऊन थडकायचे. बाबांना बघायला शंभर कोसांवरून माणसं येत, आणि त्या माणसांसाठी आई चुलीपुढे असे. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिनं एकदाही मंडपात पाय ठेवला नाही. टाळ्या तेवढ्या ऐकू यायच्या, तेही कान शाबूत होते तोवर.

सकाळी बाबा अर्धा पुसलेला रंग घेऊन घरी येत, चुलीपाशी उकिडवे बसत आणि एवढंच विचारत, "जेवली का?"

"हो," आई म्हणे. मग बाबा झोपत.

त्या नाटकांपैकी एकाची व्हिडिओ कॅसेट तेवढी राहिली होती. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या गावातल्या एकानं हौसेनं काढलेली. आईनं ती जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवली होती. एकदा तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "साऱ्या गावानं पायलं तुह्या बापाले. मीच तेवढी राह्यली."

बस. ठरलं. आईला ते नाटक पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत, बसून, दाखवायचं. कॅसेटची फीत जुनी, दोन-चारदा फिरवली तर तुटेल अशी; म्हणून ती एकदाच फिरवून संगणकात उतरवून घ्यायची. संवाद आईला ऐकू यायला हवेत, म्हणून आवाज वेगळा वाढवता यायला हवा. आणि तेच खरं कारण आहे असं मी सगळ्यांना सांगितलं असलं तरी, मलाही एक खेळणं हवंच होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

खरेदीला नागपूरला गेलो. बाबा सोबत. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, जणू सोयरीक बघायला निघालेत.

दुकानदारानं आधी एक काळा उभा कॅबिनेट पुढे केला. त्यात निळे दिवे लागत. "काका, लाइट मारता है, देखो."

बाबा हरखले. मी म्हटलं, "नको. टीव्हीच्या बाजूला ठेवायचाय. आईच्या डोळ्यात जाईल."

"नाटकाले लाईट नाही?" बाबांनी मला दुकानदारासमोर नापास केलं.

मी आडवा, बिनदिव्यांचा, एखाद्या शांत स्वभावाच्या पेटीसारखा कॅबिनेट घेतला. मग प्रोसेसर. दुकानदार सगळ्यात दांडगा गळ्यात मारत होता. मी सांगितलं, मला पळणारा नको, थंड राहणारा हवा; तापला की पंखा जोरात फिरतो, पंखा फिरला की आवाज, आणि त्या आवाजात नाटकातले संवाद बुडतात. व्हीसीआरची वायर लागेल असं कार्ड घेतलं, मोठी हार्ड डिस्क घेतली, रिमोट घेतला. मग वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, निवडायची वेळ आली आणि बाबांनी बाह्या सरसावल्या.

दोन डबे, दोन्हींवर एकच आकडा. बाबांनी एक उजव्या तळहातावर ठेवला, दुसरा डाव्या. डोळे मिटले.

"काका, ये वॉट पे चलता है, वजन पे नहीं."

"सूत तोलल्याबिगर म्या कधी घेतलं नाही," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "हे हलकं फसवून राह्यलं. हे जड घे."

दुकानदार माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि हळूच म्हणाला, "मैडम, काका सही बोल रहे हैं. भारीवाला ही अच्छा है."

परतीच्या यष्टीत बाबांनी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

मागाच्या खोलीत सतरंजी अंथरून मी जोडणी केली. बाबा स्क्रू धरायला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही, मी खूश. बाबांनी कॅबिनेटला कान लावला. "कुरकुरून राह्यलं. मागं. डाव्या हाताले." खरोखरच डावीकडच्या पंख्याचा स्क्रू सैल होता. बाबांनी मागाला करायचे तसं केलं, चिंधीची बारीक पट्टी मध्ये दिली आणि आवळलं. कुरकुर गेली.

स्पीकरचा संच होता. संवादाचा स्पीकर टीव्हीखाली मधोमध ठेवला. राहिला तो मोठा, जाड आवाजाचा ठोकळा. तो कुठेच मावेना. बाबांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"बाबा, तिथं आवाज घुमेल."

"माग नव्हता का घुमत? कोणाचं काय बिघडलं?"

ठोकळा खड्ड्यात उतरला. वाजवून पाहिला तर शेजारच्या घरातून विचारणा आली की ट्रॅक्टर कोणाकडे आला.

कॅसेट मी भारनियमनाच्या दोन वेळांच्या मध्ये उतरवली. व्हीसीआर त्याच शूटिंगवाल्याच्या माळ्यावरून आला. टीव्हीचा पडदा टॉवेलनं झाकून ठेवला होता. आईच्या आधी कोणी बघायचं नाही. बाबा दारातून ये-जा करत होते. "खराब झाली असन त राहू दे, बाई," ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा गडी घाबरला आहे. साऱ्या मुलखानं टाळ्या दिलेल्या माणसाला एका बाईसमोर उभं राहायचं होतं.

रविवारची दुपार ठरली. मी साकोलीहून पोहोचले आणि दारातच थांबले. ओसरीभर चपला. आत आत्या, तिचे यजमान, दोन मावश्या, बाबांबरोबर नाटकात पेटी वाजवणारे म्हातारे, आणि मला ओळख न पटलेली किमान पाच माणसं.

"बाबा, हे काय?"

"नाटक आहे म्हटल्यावर पाहुण्यायले सांगा लागते ना," बाबा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का चिडले. नाटक आणि पाहुणे या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या पाहिल्याच नव्हत्या.

आणि आई? आई कुठे असणार! स्वयंपाकघरात भज्यांचा घाणा सुरू होता.

मी नाटक सुरू केलं. पडद्यावर माझे बाबा आले. तरणे, कोट घातलेले, संशयापायी बायकोला घराबाहेर काढणारे जमीनदार. त्यांनी बोट उगारलं, तोंड उघडलं. मी रिमोटचं बटण दाबलं. जमीनदार तसाच थिजला.

"बंद पडलं का वो?" आत्या.

"नाही. ही सोय मंडपात नव्हती," मी उठून, पडद्याच्या दोरीशी उभ्या मॅनेजरच्या ऐटीत म्हटलं. "आई येऊन बसल्याशिवाय जमीनदार तोंड मिटणार नाही."

"अन् चाय?" आत्याचे यजमान.

"ज्याले पाहिजे त्यानं उठावं."

मग आत्याच उठली. आमच्याकडे दर मंडईला येणारी, सगळ्यात आधी येऊन सगळ्यात शेवटी जाणारी आत्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि आवाज आला, "दे वो वयनी तो झारा इकडं. मी त तीनदा पायलं हे नाटक."

"भजे जळतीन ना!"

"जळू दे. तू बस."

आई पदराला हात पुसत आली. बसायला जागा नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि पाय आत सोडले, बाबा बसायचे तिथेच. ठोकळ्याचा आवाज तळपायांतून वर चढला असावा, कारण ती एकदम ताठ झाली आणि मला म्हणाली, "ऐकू येते वो!"

बाबा मात्र बसले नाहीत. ते स्वयंपाकघरात आत्याला कांदे चिरून देत होते. इतके कांदे त्या घरात पूर्वी कधी चिरले गेले नसतील.

तीन अंक झाले. आई हलली नाही. भजी आली, गेली. शेवटच्या प्रवेशात जमीनदार बायकोला शोधत परत येतो. ती एका झोपडीत, चुलीपुढे. नाटककारानं तिथे नक्कीच लांबलचक माफी लिहिलेली असणार. पेटीवाल्या म्हाताऱ्यांनी हळूच सांगितलं, "हे जागा तो रोज आपल्या मनानं कराचा." पडद्यावर बाबा काही बोललेच नाहीत. कोट सावरला, चुलीपाशी उकिडवे बसले आणि त्या बाईला विचारलं, "जेवली का?"

स्वयंपाकघरात सुरी थांबली. बाबा दारात येऊन उभे राहिले, हातात कांदा तसाच.

पडद्यावरच्या बाईनं उत्तर द्यायच्या आत, खड्ड्याच्या काठावरून, भर सभेत, माझी आई मोठ्यानं बोलून गेली, "नाही जेवली जी! एकदाबी नाही जेवली!"