हनीफभाई आणि सपनवाल्या बाबांचा चौथा डबा

शेख हनीफ शेख गुलाब यांची आणि माझी पहिली भेट एका अडकलेल्या कॅसेटमुळे झाली. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी जळगावच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक छोटे चित्रपट मंडळ चालवले होते. माझे मेहुणे अमेरिकेत असत. तेथून ते अधूनमधून जुन्या चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटी पाठवत. त्यांतलीच एक व्हीसीआरमध्ये अडकली म्हणून मी ते धूड रिक्षात घालून स्टँडजवळच्या हनीफभाईंच्या दुकानी नेले.

त्यांनी कॅसेट ओढून काढली नाही. यंत्राचे झाकण उघडून बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग फीत बोटाला लागू न देता सोडवली आणि विचारले, "काय आहे हिच्यात?"

"परदेशी सिनेमा आहे," मी म्हणालो. "जरा वेगळा. तुम्हाला कळण्यासारखा नाही."

हनीफभाईंनी मान डोलवली आणि फीत हळूहळू आत गुंडाळायला घेतली. माझे ते वाक्य मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या अंकात माझ्याविषयीचे थोडे खरेही यावे, असे मला वाटते.

हनीफभाई मूळचे धुळ्याचे. तेथल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी वीस-एक वर्षे ऑपरेटर म्हणून काम केले. व्हिडिओ आल्यावर टॉकीजचे खेळ कमी झाले, नोकरी सुटली, आणि त्यांनी जळगावात येऊन टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचे दुकान टाकले. ज्या यंत्राने त्यांचे काम घालवले, त्याच यंत्राची ते इतक्या मायेने देखभाल करीत, याचे मला नवल वाटे. एकदा मी तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, "सर, मशीननं काय बिघडवलंय? चित्र तर तेच आहे ना."

अमेरिकेकडच्या कॅसेटी आपल्याकडच्या यंत्रावर नीट चालत नसत. रंग उडे आणि चित्र वरून खाली गिरक्या घेई. हनीफभाईंनी कोठून तरी जुने सुटे भाग मिळवून आमच्या यंत्रात असा काही बदल केला, की त्या कॅसेटी सुरळीत चालू लागल्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्या खेळाला यंत्रापाशी तेच बसू लागले.

मेहुण्यांनी पाठवलेल्या कॅसेटींत एका जुन्या युरोपीय दिग्दर्शकाचे चित्रपट बरेच होते. स्वप्न आणि जाग यांच्यामधली भिंत काढून टाकणारा म्हणून तो जगभर ओळखला जातो. त्याचे दोन-तीन चित्रपट सर्वांना माहीत. पण मधल्या हलाखीच्या काळात पोटासाठी घाईघाईत केलेले त्याचे कितीतरी चित्रपट कोणी पाहिलेच नव्हते. ते आता प्रथमच कॅसेटवर येऊ लागले होते. त्याचे नाव आमच्यापैकी प्रत्येक जण निराळ्या तऱ्हेने उच्चारी. हनीफभाईंनी सरळ 'सपनवाले बाबा' असे नाव ठेवले आणि मंडळात तेच रूढ झाले. या लेखातही मी तेच वापरतो.

त्यातल्या एका चित्रपटात मिठागराच्या गावातले एक कुटुंब आहे. त्यांच्या घरी एक पाहुणा दुपारच्या जेवणाला येतो आणि पुढे जातच नाही. कोणी त्याला जा म्हणत नाही. आम्ही पाहिलेल्या कॅसेटमध्ये मोलकरीण सूपचे भांडे घेऊन दारात येते, आणि एकदम त्या पाहुण्याची अंत्ययात्रा सुरू होते. ती बरीच लांबते. ती संपताच तीच मोलकरीण ते भांडे टेबलावर ठेवते आणि पाहुणा समोर बसून जेवतो आहे! पुढे मात्र त्याची खुर्ची रिकामी दिसते.

मी भारावून गेलो. एका त्रैमासिकात मी लेख लिहिला. दारापासून टेबलापर्यंतच्या चार पावलांत या कलावंताने एक अख्खे मरण बसवले आहे, असे त्यात म्हटले होते. लेखाची वाखाणणी झाली. पुण्याहून एका मोठ्या समीक्षकांचे पत्र आले, आणि आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांनी याच चित्रपटावर बोलायचे ठरले.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी हनीफभाई माझ्या घरी आले. त्यांनी तो चित्रपट पुन्हा एकदा दुकानात लावून पाहिला होता. बसायला सांगितले तरी ते उभेच राहिले.

"सर, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोला ना."

ते धुळ्याचे, मनातले काही बोलायचे झाले की अहिराणी ओठांवर येई. "सर, हाई चुकेल शे. चौथा डबा तिसराना पहिले लागी जायेल शे."

मी हसलो. "हनीफभाई, हा स्वप्नाचा सिनेमा आहे. याला क्रम नसतो."

"सपन्याला नसेल, सर. डब्याला असतो. डब्यावर नंबर असतो."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. टॉकीजमध्ये एका चित्रपटाची रिळे चार-पाच डब्यांत येतात. डबा संपत आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका दिसतो, थोड्या वेळाने दुसरा. पहिल्या ठिपक्याला ऑपरेटर शेजारचे यंत्र चालू करतो, दुसऱ्याला चित्र त्या यंत्रावरून सोडतो. कॅसेट ज्या प्रतीवरून काढली होती तिच्यावर ते ठिपके होते. मोलकरीण भांडे घेऊन दारात येते तेव्हा ठिपका पडतो. पाहुण्याला पुरून लोक परततात तेव्हा पडतो. म्हणजे जोड नेमके कोठे आहेत ते दिसतेच. कॅसेट काढणाऱ्यांनी तिथे चुकून तिसऱ्याआधी चौथा डबा लावला होता.

"भांड्यातून वाफ निघते आहे, सर," ते म्हणाले. "दारातही, टेबलावरही. मधे एवढी मयत झाली, तरी सूप गरम कसं?"

संवादांच्या भाषांतराची इंग्रजी अक्षरे वाचण्यात माझे डोळे पडद्याच्या तळाशी खिळलेले असत. हनीफभाईंना ती फारशी वाचता येत नसत, म्हणून ते चित्र पाहत. पण त्या वेळी हे माझ्या लक्षात आले नाही. लेख छापून झाला होता, समीक्षकांचे तिकीट निघाले होते. मी म्हणालो, "हनीफभाई, तुम्ही यंत्र सांभाळा. अर्थाचं आम्ही पाहू."

त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. दोन यंत्रे जोडून त्यांनी सबंध चित्रपट पुन्हा उतरवला होता. डबे आपल्या समजुतीप्रमाणे लावून. "सवड मिळेल तेव्हा बघा," एवढे म्हणून ते गेले.

मी ती पाहिली नाही.

रविवारी सभागृह भरले होते. चित्रपट झाला, समीक्षक तासभर बोलले आणि माझ्या लेखातली वाक्ये त्यांनी दोनदा उद्धृत केली. मग प्रश्नांची वेळ आली. असोद्याचे नामदेव आबा उठले. केळीचे बागायतदार, शिक्षण बेताचे, पण मंडळाचा एकही खेळ न चुकवणारे.

"भाऊ, तो पाव्हना मेला व्हता ना? मंग तो जेवाले कसा बसला?"

लोक हसले. समीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी उठून म्हणालो, "आबा, मेलेली माणसंही आपल्या पंक्तीला बसलेलीच असतात." टाळ्या पडल्या. आबा खाली बसले, पण त्यांचे समाधान झालेले दिसत नव्हते.

हनीफभाई तेव्हा यंत्रापाशी बसून कॅसेट उलटी गुंडाळत होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर भर सभेत माझी फजिती झाली असती. ते उठले, त्यांनी समीक्षकांना पाणी नेऊन दिले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती कॅसेट लावली. पत्नी भाजी निवडत शेजारी बसली होती. सूप वाफाळत दारातून टेबलावर आले. पाहुणा जेवला. मग तो मेला, त्याला नेले. आणि त्यानंतर, रोजच्या वेळेला, त्या कुटुंबाने त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट वाढले आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. कोणी चकित होत नव्हते. पत्नीच्या हातातली भाजी तशीच राहिली. ती म्हणाली, "काल सगळे हसले म्हणालात, ते यातलं नव्हे ना?"

यात चमत्कार कोठेच नव्हता. मी कौतुक केलेल्या चित्रपटापेक्षा हा साधा होता आणि फार भयंकर होता.

यानंतर मी ताबडतोब दुकानी गेलो असतो तर हा लेख लिहिणे सोपे झाले असते. मी गेलो नाही. सुमारे वर्षभर मी तो विषयच टाळला. हनीफभाई रविवारी येत, यंत्र लावत, "कसे आहात सर?" विचारत. मी बरा आहे म्हणे. पुढे मेहुण्यांनी त्याच चित्रपटाची नवी कॅसेट पाठवली. आधीच्या प्रतीत दोन भाग चुकून मागेपुढे झाले होते, अशी दिलगिरीची चिठ्ठी कंपनीने आत घातली होती. क्रम हनीफभाईंनी लावला होता तोच. पुरावा हातात पडल्यावर मला धैर्य आले, याची मला आजही लाज वाटते.

मी चिठ्ठी घेऊन दुकानी गेलो. "हनीफभाई, तुमचं बरोबर होतं. मी तुम्हाला नको ते बोललो."

त्यांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. स्टूल पुढे सरकवले. "बसा, सर. एकदा धुळ्याला मीच चुकीचा डबा लावला होता. हिरो मार खाऊन पडला होता, तो पुढच्या डब्यात घोड्यावर दिसला. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, कोणी काही म्हटलं नाही. खेळ सुटल्यावर एक बाई केबिनपाशी आल्या. म्हणाल्या, 'दादा, मी धरणगावहून आले. मधलं मला काही समजलं नाही. माझंच डोकं कमी आहे का?' सर, त्या बाईंना मी खरं सांगितलं नाही. म्हटलं, सिनेमाच तसा आहे." मग ते म्हणाले, "परवा आबा खाली बसले ना, तेव्हा मला त्या बाईच दिसल्या."

ते 'परवा' वर्षापूर्वीचे होते.

त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली, हनीफभाईंच्या नावासह. समीक्षकांनाही कळवले, त्यांचे उत्तर आले नाही. मंडळाने चित्रपट योग्य क्रमाने पुन्हा दाखवला आणि सुरुवातीला दोन शब्द बोलण्याची हनीफभाईंना विनंती केली. ते माइकपासून दूर उभे राहिले. "बठ्ठा डबा आज सरळ शेतस," ते म्हणाले. "ध्यान दिसन देखा." सगळे डबे आज नीट आहेत, लक्ष देऊन पाहा, एवढेच भाषण. त्या दिवशी मी स्वतः असोद्याला जाऊन नामदेव आबांना मोटारसायकलवर बसवून आणले होते. खुर्चीचा प्रसंग संपल्यावर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत ती तशीच ठेवली.

हनीफभाईंचे इतर गुण या अंकात अनेकांनी सांगितले आहेतच. मी एकच सांगतो. जामनेरच्या एका कुटुंबाने बुरशी धरलेली लग्नाची कॅसेट आणली होती. वारलेले वडील फक्त तिच्यातच चालताना दिसत होते. हनीफभाईंनी आठवडाभर ती फीत हाताने, वीतवीत पुसली. वडील पंगतीत वाढायला येतात, कोणाला तरी आग्रह करतात आणि निघून जातात. घेऊन जाताना त्या घरच्या सूनबाई रडू लागल्या, तेव्हा हनीफभाई दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांना रडणे पाहवत नाही, आणि आभारही ऐकवत नाहीत.

हा अंक काढायचे ठरले तेव्हा ते माझ्याकडे आले होते. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. चहा झाल्यावर म्हणाले, "सर, एक अर्ज आहे. त्या डब्याची गोष्ट लिहू नका. तुमचे विद्यार्थी वाचतील." मी त्यांना हो म्हटले होते.

ते वचन मी मोडले आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी वाचावे म्हणूनच मोडले आहे. हनीफभाई यावरून माझ्याशी भांडणार नाहीत, एवढे मी त्यांना ओळखतो; पण एकदा तरी त्यांनी मला चार शब्द सुनवावेत, अशी माझी इच्छा आहे, आणि त्यांच्या स्वभावाला ते जमायला पुष्कळ वर्षे लागतील. तेवढी वर्षे त्यांना मिळोत, आणि त्यांची नजर आज आहे तशीच राहो.