आबांचे दोन अंगठे

माझा डावा गाल सुजल्यासारखा दिसतो, ही बातमी मला गावातल्या बायांकडून कळली. "काय वं, सुपारी धरली का गालात?" असं त्या विहिरीपासून बाजारापर्यंत कुठेही विचारायच्या. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होते आणि राग माझ्या नाकावर असायचा. मी त्यांना जी उत्तरं दिली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. कॉलेजात जाईपर्यंत मात्र गाल इतका वाढला, की डावा डोळा कुणीतरी खालून ढकलतंय असा दिसायला लागला. मुक्ताईनगरचे डॉक्टर झाले, भुसावळचे झाले, जळगावचे झाले, आणि शेवटी आम्ही धुळ्याला पोहोचलो.

धुळ्याच्या डॉक्टर मॅडमनी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. आधी "कॅन्सर नाही" म्हणाल्या आणि मग आजाराचं नाव सांगितलं, फायब्रस डिस्प्लेझिया. माझ्या आईने नावाची वाट पाहिलीच नव्हती, पहिल्या वाक्यालाच तिने मुक्ताईला हात जोडले होते. गालाच्या हाडात चांगल्या हाडाऐवजी तंतूंचं कच्चं हाड भरत चाललं होतं. तोंडाच्या आतून, हिरडीच्या वर चीर देऊन फुगलेला भाग तासायचा, असं ऑपरेशन ठरलं. सगळं काढता येणार नव्हतं, कारण डोळा फार जवळ होता. म्हणजे थोडा आजार आत राहणार होता.

हे ऐकून माझे वडील खुर्चीत सरसावून बसले. आबांनी सगळा जन्म केळीच्या बागेत काढलेला. घड कापला की खोड संपतं, पण जमिनीतल्या कंदातून नवी पिलं फुटतच राहतात. नको असलेलं पील कापलं तरी ते आठवड्यात पुन्हा डोकं वर काढतं, म्हणून आमच्याकडे कापलेल्या जागी थोडं रॉकेल सोडतात.

"मॅडम," आबा म्हणाले, "कंद आत ठेवला तं पील येईनच ना? तासल्यावर वरून टाकायले काही औषध नही का? आम्ही रॉकेल टाकतो तसं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या गालात रॉकेल! शेजारची शिकाऊ डॉक्टर ओठ चावून हसू आवरत होती. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आबा, तुमची शंका बरोबर आहे, पण हाड केळीसारखं वागत नाही. हे बहुतेकांचं अंगाची वाढ थांबली की आपोआप मंदावतं. पुन्हा फुटणार नाही असं औषध मात्र अजून माझ्याकडे नाही."

"मंग हिचं परत येईन का?"

"वय लहान असताना केलं तर परत वाढायची भीती जास्त. हिची वाढ आता होत आली आहे, हे चांगलं आहे. पण हिचं येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणार नाही."

मला त्यांचा इतका राग आला! एवढ्या लांब एसटीत अंग खिळखिळं करून यायचं आणि ऐकायचं काय, तर माहीत नाही. आज त्याच वाक्यासाठी मी त्यांची सगळ्यांत जास्त ऋणी आहे, पण ते कळायला वेळ लागला.

ऑपरेशनच्या सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं. स्ट्रेचर ढकलणारी मावशी पिंपळनेरकडची होती. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "घाबरू नको वं बहीण, बठ्ठं बरं व्हई जाई." दुसऱ्या दिवशी माझा चेहरा टम्म सुजला होता, आधीपेक्षाही भयंकर. सूज उतरल्यावर आरशात दोन्ही गाल जवळजवळ सारखे दिसले आणि मी मोठ्याने रडले. आनंदानेच रडले.

घरी सोडताना मॅडमनी सांगितलं, की बोलावू तेव्हा स्कॅनला यायचं आणि दरवर्षी एकाच जागी, एकाच उजेडात चेहऱ्याचा फोटो काढून ठेवायचा. आबांनी त्यासाठी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, निवडली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. लग्न झालं तरी पोरगी त्या दिवशी घरी येणार, हा त्यांचा हिशोब. ओसरीच्या निळ्या भिंतीपुढे मला उभं करून भाऊ मोबाइलवर फोटो काढायचा. तो झाला, की आबा हात धुऊन यायचे, माझा चेहरा दोन्ही हातांत धरायचे आणि डोळे मिटून दोन्ही अंगठे एकाच वेळी दोन्ही गालांवरून खाली आणायचे. केळाचं पोट भरलं की नाही, हे ते याच अंगठ्यांनी बघत. केळीच्या चिकाने ते कायमचे काळे पडलेले आणि कानशीसारखे खरखरीत. मी करवादायची, "आबा, मी काय घड आहे का?" ते आपलं काम पुरं करायचे आणि म्हणायचे, "तेवढंच आहे." मग आम्ही जेवायला बसायचो.

मला बघायला दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी करणारा मुलगा आला, तेव्हा चहाच्या आधीच आबांनी सगळं सांगून टाकलं. ऑपरेशन, आत राहिलेलं हाड, परत येण्याची शक्यता, सगळं. आईने पदराआडून त्यांना डोळ्यांनी भाजून काढलं. मुलाने मला एवढंच विचारलं, "आता दुखतं का?" मी नाही म्हटलं. तो माझा नवरा.

काही आखाज्या "तेवढंच आहे"वर गेल्या. मग मला दिवस राहिले. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, की गरोदरपणात काहींचं थांबलेलं हाड पुन्हा वाढायला लागतं. पाचव्या महिन्यात माझा गाल जड वाटायला लागला. पोटात बाळ असताना स्कॅन नको, असं मॅडमचं म्हणणं पडलं. आबा एसटीने दीपनगरला आले. त्यांनी हात धुतले, माझा चेहरा धरला, अंगठे फिरवले. डाव्या गालावर अंगठा थांबला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"चहा टाक," आबा म्हणाले.

स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला धरून उभी राहिले. मला त्यांच्या तोंडून ते दोन शब्द हवे होते आणि त्यांनी ते दिले नाहीत.

मुलगी झाली, चांगली धडधाकट. ती थोडी मोठी झाल्यावर धुळ्याला स्कॅन केला. मॅडमनी जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी लावली. "थोडं वाढलंय. डोळ्यापासून लांब आहे, आज ऑपरेशन नको. आता थांबेल असं मला वाटतं, पण खात्री देत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू." या वेळी मला राग आला नाही. खरं बोलणारं माणूस समोर आहे, याचाच आधार वाटला. निघताना मी विचारलं, "मुलीला होईल का?" त्या लगेच म्हणाल्या, "नाही. हा आजार आईकडून लेकराला जात नाही." 'कॅन्सर नाही'नंतर मॅडम इतक्या ठामपणे बोललेल्या मी आताच ऐकल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

यंदाच्या आखाजीला मी लेकीला घेऊन माहेरी गेले. स्कॅन पुढच्या महिन्यात होता. वर्षभर मी गालाला हात लावला नव्हता, भीतीने. निळ्या भिंतीपुढे फोटो झाला. आबा हात धुऊन आले आणि नातीला मांडीवर घेऊन बसले. तिच्या गालांवरून त्यांनी दोन्ही अंगठे फिरवले. ती खदखदून हसली.

"आबा, तिला होत नाही ते. मॅडमनी सांगितलंय."

"माहीत आहे वं माय. मी तं नुसता लाड करतो."

माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दीपनगरच्या त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या गालाला हात लावलेला नव्हता, मधल्या आखाजीलाही नाही. तेही घाबरले होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि चेहरा पुढे केला.

"आबा, माझं राहिलंय."

त्यांनी पोरीला माझ्या आईकडे दिलं. हात पुन्हा धुतले. डोळे मिटले. अंगठे सावकाश खाली आले, डाव्या गालावरचा थांबला, पुन्हा वर गेला. निंबाखाली पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या.

"तेवढंच आहे," आबा म्हणाले.

मी त्यांचे हात तसेच गालांवर धरून ठेवले. ते मला खोटं सांगणार असते, तर दीपनगरलाच सांगितलं असतं.