शालिनीताईंच्या राजाची उडी

बडोद्यातल्या एका विमा ऑफिसात कारकून असलेल्या शालिनी सबनीस यांना नोकरीखेरीज घराबाहेर पडायला एकच कारण मिळायचं, ते म्हणजे बुद्धिबळाची लीग. लग्न, नाटक, मैत्रिणी, यातलं त्यांच्या वडिलांना, बापूंना, काहीच पटत नसे. सहाला अलकापुरीतल्या ऑफिसातून घरी यावं तर बापू पट मांडून बसलेलेच. पण रविवारची लीग म्हटली की तेच म्हणायचे, "संघाचं काम आहे, जायलाच हवं." तेवढे चार तास शेजारच्या मोहनाबेन त्यांच्याजवळ बसत.

बापूंचा खेळ जुना, देशी. त्यात शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. लीगमध्ये ती चालत नाही, हे शालिनीताईंना काय ठाऊक नव्हतं? पण रोज संध्याकाळी तेच खेळून हाताला वळण पडतं, त्याला कोण काय करणार!

लागोपाठ तीन डाव त्या हरल्या होत्या. चौथा हरलात तर दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल, असं कप्तान दिग्विजयने अदबीने पण स्पष्ट सांगितलं होतं.

या रविवारी समोर करजणच्या संघातली इरा होती. शालिनीताईंनी नेहमीचा फ्रेंच बचाव मांडला. त्यात आपलाच एक उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो, आणि कोंडून राहायची ताईंना जन्माची सवय. इराने वजीर पुढे घुसवला. ताईंनी प्यादं एक घर सरकवलं, मागचं घर रिकामं झालं. पुढच्या खेळीला त्यांनी राजा उचलला आणि अडीच घरं उडवून त्या रिकाम्या घरात बसवलासुद्धा!

इराने घड्याळ थांबवलं. पंच आले.

"ताई, ही खेळी चालत नाही. आणि राजाला हात लावलात, तर आता राजाच हलवावा लागेल."

घोडा अजून मध्येच उभा, म्हणून राजा-हत्तीचा किल्लेकोटही होईना. राजा एक घर सरकला आणि हत्ती कोपऱ्यात अडकला. ताईंची कानशिलं तापली. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पुढच्या वीस खेळ्या त्या नुसत्या गुदमरत होत्या. शेवटी त्यांनी डाव सोडला.

दिग्विजय जवळ आला. "काही वांधा नाही, ताई. आता रविवारीही बापूंजवळ निवांत राहता येईल."

बिचारा चांगल्या मनाने बोलला होता. ताईंना मात्र त्याला तिथेच फोडून काढावंसं वाटलं.

बाहेर येताच फोन वाजला.

"जिंकलीस का गं?" बापूंनी विचारलं.

"जिंकले."

"वा! मग पुढचा डाव कधी?"

"रविवारी," शालिनीताई म्हणाल्या.

कुठे जायचं, ते ठरवायला त्यांच्याकडे आठवडा होता.