मागचा खटका

नील, ईशा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, ओट्यावर लाल दिव्याची ती पेटी कसली?" मी विषय बदलला. आबांना जाऊन काही आठवडेच झालेत. पुढच्या महिन्यात तुमचे बाबा येतील, सामान आवरू म्हणतील. त्याआधी तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून लिहिते.

आबा रेडिओच्या कंट्रोल रूममध्ये होते. हवेत जाणारा कार्यक्रम तिथल्या स्पीकरवर सतत ऐकत राहायचं, हे त्यांचं काम. त्या खोलीत सगळ्यात मोठी भीती शांततेची. प्रसारणच बंद पडलं, का नुसता आपला स्पीकर, हे लगेच कळत नसे. नोकरी नवी असताना एकदा असाच आवाज गेला. आबांनी घाबरून सगळीकडे फोन केले, धावपळ झाली... आणि प्रसारण ठणठणीत चालू! सफाई करताना फडकं लागून स्पीकरच्या मागचा आवाजाचा खटका खाली होऊन बंद झाला होता. साहेब म्हणाले, "काहून गा, सारा विदर्भ ऐकून राहिला, अन् एकट्या तुलेच ऐकू येत नाही?" तेव्हापासून आबांचा नियम झाला : आधी मागे हात घाल, मग घाबर.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी सतत लक्ष ठेवायला सांगितलं, आणि प्रताप नगरच्या या घरात आम्ही दोघंच. आबांनी हौसेने जपलेला जुना स्पीकर माळ्यावरून उतरवायला लावला, स्वतःच्या उशाशी माइक ठेवला आणि तार भिंतीच्या कडेने स्वयंपाकघरात, ओट्यावर ठेवलेल्या त्या स्पीकरपर्यंत आणली. तीच ही लाल दिव्याची पेटी. भाजी चिरताना मी त्यांचा श्वास ऐकत असे. खोकले की बरं वाटे. श्वास जरा लांबला की माझी विळी थांबे...

एका सकाळी पेटी गप्प झाली. दिवा चालू, आवाज नाही. कणकेच्या हातांनी मी धावले. आबा पेपर वाचत होते.

"काहून धावून राहिली वं?"

"आवाज गेला."

"माझा का पेटीचा?"

ते हसले. मला हसू येईना. ओटा पुसताना माझ्याच हाताने खटका पडला होता. मग भिंतीला धरत ते स्वयंपाकघरात आले. ईशा, तू विसरून गेलेली लाल नेलपॉलिश मागवली आणि खटका वर असतो तिथे एक जाड थेंब टेकवला. "वाळला का बोटाले लागते. खटका थेंबाले चिकटून असला, तर पेटी चालू समज."

"आणि चिकटून असूनही आवाज नसला तर?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मंग ये."

काही आठवड्यांपूर्वीच्या त्या दुपारी कुकर उतरवला, शिट्टीचा आवाज विरला, आणि त्यामागे काहीच नव्हतं. मी पेटीमागे हात घातला. खटका थेंबाला चिकटलेला होता. बोट तिथेच राहिलं... तो खाली असावा, एवढंच मागत होते. पुन्हा चाचपलं. मग मी त्यांच्या खोलीत गेले.

माइक अजून उशाशी आहे. रिकाम्या खोलीतल्या पडद्याची सळसळ ओट्यावर ऐकू येते. ती थांबली की आजही हात आधी मागे जातो. थेंब जागेवर आहे. खटका वर आहे.