श्वासनळीतली लव

पीएच.डी. करत होते तेव्हा मी सकाळी शहागंजातून बकऱ्याची श्वासनळी आणायचे. खाटीक ओळखीचा झाला होता. "नरडा कायकू बहनजी, गोश्त लेके जाओ ना," म्हणत हसायचा आणि नळी माझ्या बर्फाच्या डब्यात टाकायचा. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखल्या, त्या घरची पोर बकऱ्यांची नरडी कापत बसते, एवढं भावकीला चघळायला पुरेसं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिकडं कधी लक्ष दिलं नाही.

श्वासनळीला आतून नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते, तिच्यावर चिकट द्रवाचा थर. लव सारखी हलत राहते आणि थरात अडकलेली धूळ घशाकडं ढकलते. शिंपल्याच्या कल्ल्यांवरही अशीच लव असते. तिथं सेरोटोनिनचा थेंब पडला की तिचा वेग वाढतो. लोक सेरोटोनिनला आनंदाचं रसायन म्हणतात. शिंपल्याला कसला आलाय आनंद! बकऱ्याच्या नळीत तसंच घडतं का, ते मी बघत होते. कधी घडायचं, कधी नाही.

मेंढरं विकल्यावर आप्पा पडेगावच्या पुढं एका खडी क्रशरवर कामाला लागले होते. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्या पांढऱ्या धुळीत. खोकला तिथलाच. एकदा छातीचा फोटो काढायला शहरात आले आणि तिथून थेट माझ्या प्रयोगशाळेत.

"तू करती तरी काय, ते दाव," म्हणाले.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. नळीच्या तुकड्यावर कोळशाची चिमूटभर पूड टाकली आणि सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. काळे कण हळूहळू सरकत होते. मग सेरोटोनिनचा थेंब सोडला. त्या दिवशी नेमकं जमलं. कण भराभर पुढं निघाले.

"आरं तिच्या! मेल्यालं बकरू, अन् अजून झाडतंय. माझ्यात बी हाय का हे?"

"व्हय आप्पा. सगळ्यांत असतंय."

"मग टाक की एक थेंब माझ्या नरड्यात."

तसं करता येत नाही, माणसाच्या छातीत त्यानं उलट दमही लागू शकतो, हे मी समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. "म्हंजी बकऱ्याला चालतंय, मला नाय," एवढंच म्हणाले आणि खोकायला लागले. खोकला थांबेना.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. "ही लॅब आहे की एसटी स्टँड? कुणालाही आणून बसवता?"

"सर, माझे वडील आहेत."

"मग घरी न्या. कसला आजार आहे, काय माहीत."

आप्पा झटकन उठले. "चुकलं सायेब," म्हणत त्यांनी हात जोडले. माझ्या बापानं हात जोडावेत असं तिथं काय घडलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

काही महिन्यांनी परिसंवाद झाला. मी काढलेली चित्रं पडद्यावर दाखवत तेच सर म्हणाले, "आमचं संशोधन धुळीत राबणाऱ्या गरीब मजुरासाठी आहे." टाळ्या पडल्या. सरांना शाल मिळाली, मला जेवणाचं कूपन.

त्याच हिवाळ्यात आप्पा गेले. शेवटी कफ छातीतच घरघरायचा, वर येईना. डॉक्टर आईला सांगत होते, "आतली लव खराब झालीय, कफ बाहेर ढकललाच जात नाही." पुढचं वाक्य काय असणार, तेही मला ठाऊक होतं.

दहाव्याला चुलते सगळ्यांसमोर म्हणाले, "नरड्याचीच डाक्टर होणार व्हतीस ना तू? मंग बापाचं नरडं का नाय नीट केलं?"

धूळ बसावी म्हणून क्रशरवर पाणी का मारत नाहीत, हे मालकाला विचारायला भावकीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. गेल्या वर्षी चुलत्यांनी आपला धाकटा तिथंच कामाला लावला. आता मी डॉक्टर आहे, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तो धाकटा परवा भेटला. बोलता बोलता दोनदा थांबून खोकला.